टॅनर आडनावाची माणसं

"आबा, आपल्या आडनावाचा अर्थ काय, असं विचारतायत त्या," लेक म्हणाली.

सुभानरावांच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला. लेकीचं लग्न ठरवायला इंग्लंडात आलो, तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही! तरुणपणी पुण्यात खरं आडनाव सांगितलं आणि ठरलेली खोली हातची गेली. तेव्हापासून ते गावावरून बोरगावकर लावत होते. लेकीलाही हे ठाऊक नव्हतं. आता नवऱ्या मुलाची ही गोरी आजी सगळं उकरून काढणार.

"गावाचं नाव आहे म्हणावं. आणि त्यांचं काय, तेही विचार," ते तुटकपणे म्हणाले.

आजी खुलली. तिचं बोलणं लेक मराठीत सांगू लागली. "टॅनर म्हणजे कातडी कमावणारे. चारशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज नदीकाठी तेच करायचे. वास यायचा म्हणून गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं."

सुभानरावांनी आजीकडे रोखून पाहिलं. हिला कुणी आपलं मूळ सांगितलं की काय? थट्टा तर करत नाही ना?

"मग आडनाव बदललं नाही यांनी?"

"कशाला बदलायचं, म्हणतायत. एवढी वर्षं कातडंसुद्धा टिकत नाही, आडनाव टिकलंय!"

आजी स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसली.

सुभानरावांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "विचार त्यांना, कातडं कुठल्या झाडाच्या सालीत मुरवायचे? आमच्या घरी बाभळीची साल असायची."

भाषांतर करायचं विसरून लेक बापाकडे बघत राहिली.