हजारात ओळखीन

काठी आडवी गेली आणि सायकल आडवी झाली.

हे गिरधर आबांनी मुद्दाम केलं होतं, त्यात शंका नको. धुळ्यात पांझरा नदीच्या काठाने सकाळी फिरायला येणाऱ्यांना आबांची काठी चांगली ठाऊक होती. चालायला आबांना तिचा काडीचा उपयोग नव्हता. ती सायकलवाल्यांसाठी होती.

सायकलवाले आबांच्या लेखी माणसांत जमाच नव्हते. दूधवाल्याची, गवंड्याची सायकल त्यांना चाले, ती पोटासाठी. पण ही नवी जात! डोक्यावर टोपलं, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि मागून येऊन कानाशी घंटी वाजवणार, जसा काही रस्ता यांच्या आजोबांनीच बांधला. त्यात ही बाई तर सगळ्यांच्या वरताण. स्टोलने तोंड बांधून रोज यायची आणि रोज म्हणायची, "आबा, जरा कडेनं." मग तर आबा हट्टाने मधोमध चालायचे.

आज ती पडली. हेल्मेट मागे गेलं, स्टोल सुटला, भुवईतून रक्त आलं. धक्क्याने आबांची टोपीही धुळीत गेली होती. बाईने उठून आधी टोपी उचलली, झटकली आणि दोन्ही हातांनी आबांपुढे धरली.

आबांनी तिला नीट निरखून घेतलं. सावळा चेहरा, हनुवटीवर तीळ, गळ्यात मंगळसूत्र.

"लाज वाटत नाही? लग्न झालेली बाई पँट घालून गावभर उंडारतेय! सासऱ्याचं नाव सांग आधी."

बाईने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सायकल उचलली आणि लंगडत निघून गेली.

"भ्याली," आबा टोपी घालत म्हणाले.

रोहिदासभाऊ, आबांचे फिरण्यातले जोडीदार, मवाळ माणूस. ते म्हणाले, "जाऊ द्या ना आबा. रगत निंघनं तिनं."

"मी सोडस का तिले? तिना सासरा कोन शे, ते माले दखनं शे."

आबांना घाईही होती. सकाळच्या वेळी या रस्त्यावर सायकलबंदी करून दाखवीन, असं सांगून ते फिरणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष झाले होते. नगरसेवक मात्र पक्का होता. नुसत्या तक्रारीवर बंदी होत नाही, म्हणाला. एखादा अपघात दाखवा, एखादा सायकलवाला माझ्यासमोर उभा करा. येत्या रविवारी तो मंडळात येणार होता. तोवर कोणी सापडलं नाही तर आबांनी मारलेल्या सगळ्या फुशारक्या त्यांच्याच अंगाशी येणार होत्या. आणि मंडळातले लोक हसायची वाटच पाहत होते.

कट्ट्यावर बसल्या बसल्या आबांनी ठराव करून टाकला. बाईला शोधायचं, रविवारी तिच्या सासऱ्याला धरून आणायचं आणि त्याने नगरसेवकासमोर कान धरून सगळ्यांची माफी मागायची.

"बाईनं मागावी ना माफी," कोणीतरी म्हणालं.

"बाईला काय कळतं? दोष सासऱ्याचा," आबा म्हणाले. "घरात वचक नाही. ज्याला सून सांभाळता येत नाही, त्यानं मिशा काढून टाकाव्यात." आणि स्वतःच्या मिशीवरून त्यांनी हात फिरवला. "आमच्या घरी येऊन बघा एकदा. सून चहा ठेवते आणि मागच्या पावली जाते. आवाज सोडा, तिचा खोकलासुद्धा मी ऐकलेला नाही. याला म्हणतात वळण."

सगळ्यांनी माना हलवल्या. ठराव मंजूर झाला.

"पन वळखशात का तिले?" रोहिदासभाऊंनी विचारलं.

"हजारमा वळखसू!"

आबा घरी पोचले तेव्हा सात कधीच वाजून गेले होते. एरवी कमलबाई, त्यांच्या मंडळी, रोज बजावायच्या, "सात वाजालगून घर येऊ नका, झाडझूड चालू ऱ्हास." आज ठरावातच वेळ गेला होता, म्हणून बोलणी बसली नाहीत. उलट कमलबाई दारातच उभ्या होत्या. बोटं हळदीने पिवळी झाली होती. फोडणी चालली असेल, असं समजून आबा आरामखुर्चीत बसले आणि त्यांनी सगळी कथा मीठमसाला लावून सांगितली. काठी कशी घातली, बाई कशी भुईवर आली, कशी भ्याली.

कमलबाईंनी एवढंच विचारलं, "कुठल्या घरची शे ते इचारं का?"

"काय इचारनं? असल्या बाईले घर ऱ्हास का? सासरा बावळट, दुसरं काय!" आबा खूश होऊन हसले. मुलगा कुंदन पहाटेच नरडाण्याला कामावर गेला होता, नाहीतर त्यालाही सगळं पहिल्यापासून ऐकावं लागलं असतं.

चहा आला. सून नेहमीसारखीच आली, पदर हनुवटीखाली ओढलेला. तिने कप तिवईवर ठेवला. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मुलगी पसंत करायलाही कमलबाईच गेल्या होत्या. सुनेचं तोंड बघणं हे सासऱ्याचं काम नव्हे, असं आबांचं मत होतं, आणि आबांची मतं पक्की असायची.

"रविवारले बठ्ठा मंडळसमोर त्या सासराले कान धराले लावसू!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तोंड ध्यानमा शे ना माले!"

एव्हाना सून मागच्या पावली जायला हवी होती. ती गेली नाही. तिच्या उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं, म्हणून तिने डाव्या हाताने पदर धरला आणि पार कपाळापर्यंत मागे घेतला. हनुवटीवर तीळ होता. भुवईवर हळद दाबून भरली होती.

"आबा," ती म्हणाली, "रविवारले किती वाजता जानं शे?"