जिन्यावरचं ऊन

अठ्ठ्याण्णव साली इंदिरानगरच्या बंगल्यात जिन्यावर काचेचं छप्पर बसवायचं ठरलं. मिस्त्रीने सपाट, घुमटाकार आणि पिरॅमिडसारखं असे प्रकार सांगितले. सहा वर्षांच्या वेदिकाने पिरॅमिड निवडला. "बाबा, पाऊस चारी बाजूंनी घसरगुंडी खेळेल!"

दुसऱ्याच वर्षी ती तापाने गेली. जिन्यावरचं ऊन चंदरला बघवेना. त्याने काच काढून तिथे स्लॅब टाकून घेतला.

तरी दुपारी ऊन यायचंच. एकेक पायरी उतरत यायचं आणि खालच्या पायरीवर थांबायचं.

"अगं, वर काँक्रीट आहे. भास होतोय तुला," चंदर बायकोला म्हणायचा आणि जिन्याकडे पाठ करून जेवायचा.

आज ज्योत्स्ना रडकुंडीला आली. "वेदू थांबलीय हो तुमच्यासाठी. एकदा तरी वळून बघा."

चंदर उठला, जिन्यापाशी गेला. ऊन त्याच्या अंगावर आलं, कोवळं आणि उबदार. इतक्या दिवसांचा हुंदका फुटला.

"दिसलं ना?" ज्योत्स्नाने हळूच विचारलं.

तो भिंतीकडे बघत होता. तिथे त्याच्या सावलीचं बोट धरून एक लहानगी सावली तिला वर ओढत होती.

चंदर जागचा हलला नव्हता. त्याच्या सावलीने मात्र पायरीवर पाय ठेवला.