मुख्य वाटेला खेटून

शाळेची बस चालवणारी मावशी ऑपरेशनच्या टेबलावर जागी होती. स्टिअरिंग धरलेलं असताना अचानक उसळणारी धडधड डॉक्टरांनी मुद्दाम जागवली होती. त्याशिवाय पडद्यावरच्या हृदयाच्या नकाशात तिचं मूळ दिसलंच नसतं. "सापडलं, मावशी! पण ठोके जातात त्या मुख्य वाटेला खेटून आहे. तिला चटका लागला तर हृदयच थांबेल. जाळू?" "जाळा. माझ्यामागे पोरं बसलेली असतात." मांडीतल्या शिरेतून हृदयापर्यंत सरकवलेल्या तारेचा चटका बसला, धडधड थांबली, आणि यंत्राची टिकटिकही थांबली. "चटका बंद करा!" डॉक्टर मदतनिसावर ओरडल्या. मावशीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मग एक ठोका पडला, दुसरा पडला. मूळ मात्र अर्धंच जळालं होतं. "पुन्हा करायचं तर..." डॉक्टरांचा आवाज कापत होता. मावशीही हादरली होती, तरी म्हणाली, "आधी तुम्ही घोटभर पाणी प्या, मग करा." दुसऱ्या चटक्यात मूळ जळालं. ठोके पडत राहिले.