पहिली आलेली शाळा

निकाल यंदाही घसरला, तर शाळेला कुलूप लागणार होतं आणि पोरांना डोंगरापलीकडच्या शाळेत पायपीट करावी लागणार होती. म्हणून परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाई खडी फोडणाऱ्यांच्या वस्तीवर गेल्या. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक पोर तिथं राहायची. सगळे तिला घुमीच म्हणत.

"उद्या हिला घरीच ठेवा," बाई तिच्या आईला म्हणाल्या. "एवढी एकच कच्ची आहे हो माझी."

आईनं मान खाली घातली. "तुम्ही म्हणाल तसं, बाई."

आसपासच्या साऱ्या शाळांत शाळा पहिली आली. कुलूप टळलं, बाईंचा जीव भांड्यात पडला. पण घुमी काही वर्गात परतली नाही. शेवटी बाईच पुन्हा वस्तीवर गेल्या. घुमी दारात धाकट्या भावाला खेळवत बसली होती.

"अगं, झाली की परीक्षा! चल शाळेत."

आणि कधी नव्हे ती घुमी भडाभडा बोलली. डोळे नुसते लुकलुकत होते तिचे.

"नको बाई, मी आले की आपली शाळा पुन्हा खाली जाईल. मी आता कध्धीच नाही येणार. तुम्ही नका काळजी करू."