साधनाची सोबत

बाळंत झाल्यापासून शेजारच्या साधनाला सारखं रडू यायचं. बायका म्हणाल्या, बाहेरचं लागलंय, देवऋष्याला दाखवा. लग्न होऊन न्हावऱ्याला आल्यापासून माझं मानसशास्त्रातलं एमए पहिल्यांदाच कामी आलं. सासूबाईंना म्हटलं, "आई, हा आजार आहे. तिला डॉक्टरांकडे न्यायला सांगा, आणि घरात एकटं ठेवू नका."

सासूबाईंना पटलं. तेव्हापासून त्याच रोज दुपारी साधनाच्या सोबतीला जातात.

आज निघताना मी विचारलं, "आई, आज माझ्याजवळ बसता का?"

"तुला गं काय धाड भरलीय? तू तर शिकलेली हायेस," म्हणत त्यांनी दार ओढून घेतलं.



पाळण्यात माझी लेक रडत होती. मी भिंतीला टेकून, ती आपोआप गप्प व्हायची वाट बघत बसले.