दोन्ही हात स्टेअरिंगवर

"कोणाचा मोबाइल जोडू?" वायरमनने डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढून विचारलं.

सर दुकानाबाहेर फोनवर होते. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या कोणा विद्यार्थ्याने दिवसाढवळ्या शेजाऱ्याच्या फाटकात गाडी घातली होती आणि सर त्याची हजेरी घेत होते. अर्थात 'तुम्ही' म्हणूनच. अरे-तुरे, अगं-तुगं हे सगळं घरी.

"सध्या माझाच लावून बघा," सरांची बायको म्हणाली. मोबाइल द्यायला हात पुढे केला तशी बाही वर सरकली. मनगटाभोवती चार बोटं उमटली होती, जांभळी.

"गाडीच्या दारात हात सापडला," ती न विचारताच म्हणाली.

"असतात अशी दारं," वायरमन म्हणाला आणि स्क्रू शोधायला लागला. "ताई, जरा उतरता का? माइकची वायर खालून घेतो. सीटशेजारची कव्हरं काढावी लागतील."

सर आत आले तेव्हा सगळं जागेवर बसलं होतं. त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. एक वायर दिसत नव्हती.

"सफाई आहे हाताला."

"आता मोबाइल हातात घ्यायचाच नाही, सर. फोन आला तर स्पीकरवर. मेसेज आला तर यातली बाई वाचून दाखवते. गाडी पळत असेपर्यंत मोबाइलची स्क्रीन बंद."

"वाचून दाखवणारी बाई!" सर हसले. "न बोलणारी एक आमच्याकडे आहे. तिच्यासाठी काही मशिन?"

वायरमन फडक्याला हात पुसत राहिला. "टेस्टिंगला ताईंचा जोडला होता. तुमचा आता—"

"राहू दे, नंतर बघू. पावती तेवढी पाठवा, तारीख-वेळ घालून. तिच्याच नंबरवर. माझा सारखा चालू असतो."

पावती महत्त्वाची होती. उद्या कोणी म्हणायला नको, की ड्रायव्हिंग शिकवणारा माणूसच मोबाइल बघत गाडी चालवत होता.

गावाबाहेर पडेपर्यंत सर चाळिसाच्या वर गेले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर, डोळे रस्त्यावर. अकराशे माणसांना त्यांनी हे असं शिकवलं होतं. गाडी शिकवणीचीच, म्हणून डाव्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक. नवा माणूस पहिल्यांदा स्टेअरिंगला बसून थरथरायला लागला, की डावीकडून सर मायेने म्हणायचे, "घाबरू नका. ब्रेक माझ्या पायाखाली आहे."

बायकोला त्यांनी एकदाच शिकवायला बसवलं होतं. क्लचऐवजी ब्रेक दाबला म्हणून भर मैदानात कानाखाली वाजवली. त्या कानाने तिला अजून कमीच ऐकू येतं.

एवढ्या वर्षांत ती उलट बोलली नव्हती. गेल्या महिन्यात भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी माझ्या ताईकडे जाते. कायमची." सरांनी तिचं डोकं ओट्यावर आपटलं. टाके घालताना डॉक्टरांना तिने सांगितलं, पाय घसरला. मग आठवड्याने सर स्वतःच म्हणाले, "चल, मीच सोडतो तुला."

काल संध्याकाळी त्यांनी डाव्या सीटशेजारचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, पट्टा जिथे खाली बोल्टला अडकतो तिथे ब्लेड चालवलं, चार धागे ठेवले आणि कव्हर परत बसवलं. ओढला तर पट्टा यायचा, खटकाही लागायचा. हिसका मात्र सोसला नसता. जुन्या गाडीत एअरबॅग नव्हत्या. कठड्यावर किती वेगाने आपटलं की पट्टावाला वाचतो आणि बिनपट्ट्याचा काचेतून बाहेर जातो, याचा तक्ता तर सरांच्या वर्गात भिंतीवरच होता.

डोंगराचा चढ संपला. उतार लागला.

"पट्टा टोचत नाही ना?" सरांनी विचारलं.

"नाही. आज बरा बसलाय."

"चपला कशाला काढल्यास?"

"पायांना मुंग्या आल्यात, अहो."

"पाय मागे घे. पेडलला लावू नकोस."

"मला त्यातलं काय कळतं?"

सरांनी डाव्या कोपराने तिच्या बरगडीत ढोसलं. जोरात. ती वाकली, श्वास घेतला, पुन्हा सरळ बसली. पाय मागे घेतले नाहीत.

"ताईला काय काय सांगणार आहेस?"

"पोचले तर सांगेन."

सरांनी वळून पाहिलं. ती समोर बघत होती. काटा साठावरून सत्तरवर गेला. खाली, दोन वळणं सोडून, तो कठडा दिसायला लागला. दगडी, गुडघाभर उंच, पलीकडे नुसतं आभाळ. सरांनी स्वतःचा पट्टा छातीशी चाचपला.

पहिलं वळण गेलं. ऐंशी.

डॅशबोर्डमध्ये टिंग वाजलं.

"नवीन मेसेज," मशिनमधली बाई गोड आवाजात म्हणाली. "वायरमन."

"पावती आली," सर म्हणाले. "वेळेवर आली."

दुसरं वळण गेलं. आता सरळ उतार आणि कठडा.

"ताई," बाई वाचू लागली, "पावती मागून पाठवतो. सर समोर होते म्हणून बोलता आलं नाही. तुम्ही म्हणालात तशी दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल केली आहे. कापलेला आता सरांच्या बाजूला आहे. वाटेत गाडी थांबली की उतरून जा."

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा चालत्या गाडीत स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि पट्टा धरला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "ब्रेक माझ्या पायाखाली आहे."