लग्नाच्या फोटोखालचं साल

परदेशी बाईनं भिंतीवरच्या फोटोखालचं साल मोठ्यानं वाचलं, आणि स्मारांडानं तोंडाकडे नेलेला घास परत ताटात ठेवला.

फोटो तिच्या आईवडिलांच्या लग्नाचा होता. दोघांच्या डोक्यांवर चर्चमधले मुकुट, आईच्या हातात उंच मेणबत्ती, आणि खाली फोटोवाल्यानं पांढऱ्या शाईत घातलेलं साल. राजधानीहून आलेले कॉम्रेड स्तांचु सकाळपासून घरात ठाण मांडून होते. काय बोलायचं, किती खायचं, कधी हसायचं, सगळं त्यांनी पढवलं होतं. फोटो उतरवायचं तेवढं कुणालाच सुचलं नव्हतं.

"लग्नाला चौदा वर्षं," बाई मोडक्यातोडक्या रुमानियनमध्ये म्हणाली. ती तिच्या देशातल्या वर्तमानपत्राकडून आली होती. "आणि मुलगी पंधराची. मी चुकले का मोजायला?"

ती चुकली नव्हती. स्मारांडा तेरा वर्षांची होती. मोठ्या स्पर्धेला पंधरा पुरी लागतात, म्हणून पासपोर्टात तिला दोन वर्षांनी मोठं केलं होतं. त्याच पासपोर्टावर जाऊन, जिम्नॅस्टिक्सच्या, वीतभरही रुंद नसलेल्या बीमवर उलट्या कोलांट्या मारून, तिनं सोनं आणलं होतं. आता ते तिच्या गळ्यात होतं आणि पाहायला अख्खी गल्ली दारात, खिडकीत दाटली होती. हे कुटुंब डोंगरापलीकडच्या खेड्यातून इथं आलं, ते तिची निवड झाल्यावर. तिचा जन्म कधीचा, हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॉम्रेड स्तांचुंच्या हातातली सिगारेट तशीच जळत राहिली. वडील, तोआदेर, आलुबुखाराच्या दारूची बाटली तिरपी धरून उभे होते. पेला भरून वाहायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

तेरा. एवढंच म्हणायचं होतं. स्मारांडानं आईकडे पाहिलं. खरं सांगू का, असं विचारायला नव्हे. आईनंच यातून काहीतरी वाट काढावी, असं तिला आतून वाटत होतं, आणि ते आईला दिसलं.

परास्किवानं एप्रनला हात पुसले.

"बरोबर मोजलंत बाई. पोर आधी झाली. लग्न मागनं केलं."

दारात कुणीतरी श्वास ओढला.

"अगं बाई गं!" शेजारच्या सावेताकाकू हळू म्हणाल्या, पण ऐकू गेलं सगळ्यांना. "आणि चर्चमधल्या प्रसादाचा पाव भाजायचा मान आपण हिला दिला! म्हणे, हिच्यासारखी सोज्वळ बाई गल्लीत नाही!"

"काय रे तोआदेर," खिडकीतून एकजण ओरडला, "भलतीच घाई होती की तुला!"

खसखस पिकली. तोआदेरनी स्तांचुंकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग तेही हसले. नुसते हसले नाहीत, मिशीवरून हात फिरवला.

परदेशी बाई कानापर्यंत लाल झाली. "माफ करा हं," म्हणाली, आणि घाईघाईनं सरावाचं विचारायला लागली. किती वाजता उठतेस? पडायची भीती वाटते का? स्मारांडानं पढवलेली उत्तरं दिली. एकही चुकलं नाही.

निघताना कॉम्रेड स्तांचुंनी गाडीपाशी तिचा गाल ओढला.

"तुझी आई बाकी हुशार आहे हां! पदक वाचवलं तिनं."

संध्याकाळी आई भांडी घासत होती. स्मारांडा बाजूला उभी राहून एकेक ताट पुसत होती.

"आई, मी सांगते सगळ्यांना."

"काय सांगशील?"

"की मी तेरा वर्षांची आहे."

"आणि पदक?"

पदक गेलं तर जाऊ दे, असं म्हणायला स्मारांडानं तोंड उघडलं. पण पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं. आईनं हातातलं काम थांबवून थोडी वाट पाहिली. मग उरलेला हंडा पुढे ओढला आणि घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गल्लीच्या टोकाला हापशावर गेल्या. एरवी तिथं आधी कोण, नंतर कोण, यावरून बायकांची रोज जुंपायची. आज त्यांना येताना पाहून बोलणी थांबली. सावेताकाकूंनी पुढे होऊन स्मारांडाच्या गालांचे मुके घेतले. "आमची सोन्याची पोर ती!" दुसऱ्या एकीनं कडेवरची मुलगी पुढे केली, "हिच्या डोक्यावर जरा हात ठेव गं, तुझ्यासारखी होऊ दे." स्मारांडानं हात ठेवला. सगळ्या कौतुकानं तिच्याभोवती गोळा झाल्या.

हापसा मोकळा पडला होता. आई एकटीच तिकडे गेली. "ये गं परास्किवा" असं कुणी म्हटलं नाही, नि कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही बादल्या भरेपर्यंत नुसता दांड्याचा कुरकुर आवाज येत राहिला. स्मारांडानं तिच्याकडे जायला पाऊल उचललं. पण कुणीतरी पदकाचं विचारलं, आणि ती सांगायला थांबली.

आई बादल्या घेऊन परत आली. पदर सारखा करावा तसा तिनं डोक्यावरचा रुमाल दंडानंच जरा पुढे ओढला.

"चल," ती म्हणाली, "आज बरंय. रांगेत उभं राहायला लागलं नाही."